झांबेझीवर सात आठवडे: करिबा धरणापासून चिंदेपर्यंत होडीने

झांबिया-झिंबाब्वे सरहद्दीवरच्या करिबा धरणाच्या पायथ्यापासून मोझांबिकमधल्या चिंदेपर्यंत, म्हणजे हिंदी महासागरापर्यंत, झांबेझी नदीतून साधारण हजार किलोमीटर होडी वल्हवावी लागते. मध्ये दीडशे किलोमीटर ती ट्रकवर चढवून न्यावी लागते. नकाशात ही एकच निळी रेघ दिसत असली तरी पाण्यावर या तीन वेगळ्या मोहिमा आहेत. पहिल्या टप्प्यात पाणघोडे, दुसऱ्यात काहोरा बासा तलावावरचा वारा आणि तिसऱ्यात वाळूचे दांडे. तिन्हीकडे नियम मात्र एकच: अंतर मोजून बेत आखू नका, घड्याळ पाहून आखा. इथला वल्हवायचा दिवस उजाडल्यावर साडेसहाला सुरू होतो आणि अकराला संपतो.

याचं कारण वारा. नदी पूर्वेला वाहते आणि कोरड्या हंगामातला वारा आग्नेयेकडून, म्हणजे बरोबर तोंडावर येतो. सकाळी तो पडलेला असतो, दहानंतर उठतो आणि दुपारी उघड्या पात्रात होडी जागची हलू देत नाही. म्हणून हिशोब साडेचार तासांचा करायचा. पहिल्या टप्प्यात प्रवाह धरून ताशी सात किलोमीटर पडतात, म्हणजे दिवसाला तीस. तलावात प्रवाह नाही, तिथे वीस-बावीस. तेते शहराच्या खाली, तिसऱ्या टप्प्यात, पस्तीस. ‘आम्ही दमदार आहोत, पन्नास करू’ म्हणणारी मंडळी तिसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्यात मधल्या पात्रात अडकतात, आणि थकलेल्या हातांनी पाणघोड्यांच्या कळपातून वाट काढायला लागतात.

कधी निघायचं

मेच्या शेवटच्या आठवड्यात. पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल असतो. मेअखेर गढूळपणा कमी होतो, डास घटतात आणि रात्रीचं तापमान दहा-बारा अंशांवर येतं. ऑगस्टपासून वारा वाढतो, ऑक्टोबरात खोऱ्यात पारा चाळिशी ओलांडतो. मेअखेर निघालात तर वाऱ्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत तलाव मागे पडतो. ढोबळ वेळापत्रक असं: करिबा ते लुआंग्वा संगम दहा दिवस, कागदपत्रांना दोन, काहोरा बासा तलाव सतरा (त्यातले चार-पाच वाऱ्यामुळे बसून जाणार हे गृहीत धरा), सोंगो ते तेते (ट्रकने) तीन, तेते ते चिंदे सोळा. एकूण अठ्ठेचाळीस. परतीचं विमान त्यानंतर किमान आठवड्याने ठेवा.

कागदपत्रं

लुआंग्वा संगमापर्यंत नदी हीच सरहद्द आहे. डावा काठ झांबियाचा, उजवा झिंबाब्वेचा. शिक्का ज्या देशाचा, मुक्काम त्याच काठावर. पलीकडचं बेट कितीही सोयीचं दिसलं तरी तिथे तंबू टाकणं म्हणजे बेकायदा प्रवेश, आणि शिकारचोरांच्या मागावर असलेली सशस्त्र गस्त रात्री तुमची ओळख नीट विचारेलच असं नाही. माना पूल्स राष्ट्रीय उद्यानातून जायचं तर झिंबाब्वेची बाजू घ्या. पार्कचं शुल्क आणि मुक्कामाच्या जागा आगाऊ नोंदवा आणि पावत्यांच्या छापील प्रती पाणबंद पिशवीत ठेवा. या टप्प्यासाठी परवानाधारक होडी-मार्गदर्शक घ्याच. त्यावर पैसे वाचवू नका.

संगमाशी तीन देश भेटतात: झिंबाब्वेचं कान्येंबा, झांबियाचं लुआंग्वा आणि मोझांबिकचं झुंबो. मोझांबिकचा व्हिसा निघण्यापूर्वीच हातात हवा, नदीकाठच्या चौकीत तो मिळेल या भरवशावर राहू नका. आधी मागच्या देशाचा बाहेर पडल्याचा शिक्का आणि मगच झुंबोत उतरा. हा क्रम चुकला तर पुढे प्रत्येक पोलीस चौकीत तेच स्पष्टीकरण देत बसावं लागतं. झुंबो १८व्या शतकात गोव्याहून आलेल्या व्यापाऱ्यांनी नावारूपाला आणलं. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभारच गोव्यातून चालायचा, त्यामुळे या खोऱ्यात गोव्याची आडनावं भेटली तर दचकू नका.

पीतज्वराची लस भारतीयांनी विसरू नये. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे विमान बदलत असाल तर परतताना भारतात प्रमाणपत्र विचारलं जाऊ शकतं आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं.

उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र मोहिमेला हवंच, पण ते भारतातून नेऊ नका आणि परत आणूही नका. भारतात परवान्याशिवाय अशी उपकरणं बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळावर लोक अडकलेले आहेत. आफ्रिकेतच भाड्याने घ्या, तिथेच परत करा.

होडी

हवेची होडी सामानात मावते म्हणून मोह होतो. टाळा. काठावर काटेरी झाडं आहेत, तलावात बुडालेल्या झाडांचे खुंट आहेत आणि मगरीचे दात आहेत. सव्वापाच मीटर लांबीची, दोघांची, फायबरग्लासची उघडी कनू हे या खोऱ्यातलं रुळलेलं वाहन आहे. त्या होडीवर कारखान्याने साडेतीनशे-चारशे किलो भार लिहिलेला असतो. तुम्ही अडीचशेच्या वर जाऊ नका: दोन माणसं दीडशे, सामान शंभर. भरलेल्या होडीची कड पाण्यापासून वीत-सव्वा वीत, म्हणजे किमान पंचवीस सेंटिमीटर वर राहिली पाहिजे. तलावासाठी पुढच्या आणि मागच्या टोकावर ताडपत्रीचं आच्छादन शिवून घ्या. दोन्ही टोकांत फुगवलेल्या हवेच्या पिशव्या बांधा, म्हणजे होडी उलटली तरी तळाला जात नाही.

सहा जणांच्या गटाला तीन होड्या, शिवाय पहिल्या टप्प्यात मार्गदर्शकाची चौथी. प्रत्येक होडीत हे असलंच पाहिजे: दोन वल्ही आणि एक जादा, पुढे-मागे पंधरा-पंधरा मीटर तरंगता दोर, पाणी उपसायला कापलेला पाच लिटरचा कॅन आणि मोठा स्पंज, वीस लिटरचे दोन पाण्याचे कॅन, घट्ट झाकणाची साठ लिटरची दोन पिंपं. जीवरक्षक जाकीट अंगावर, सीटखाली नाही. गटात मिळून फेकायचा तीस मीटर दोर दोन.

दुरुस्तीचं सामान: चिरलेल्या धाग्याची फायबर मॅट दोन चौरस मीटर, पॉलिएस्टर रेझिन एक लिटर, हार्डनर, खरकागद, ब्रश, हातमोजे आणि दहा सेंटिमीटर रुंद डांबरी चिकटपट्टी. रेझिन आणि हार्डनर विमानात चालत नाही, लुसाका किंवा हरारेत घ्या. चीर पडली तर आधी डांबरी पट्टीने दिवस निभावा आणि पक्कं काम मुक्कामावर करा. होडी उन्हात पूर्ण वाळवा. चिरेभोवती पाच सेंटिमीटर खरकागद मारून चकाकी घालवा. आतून मोठा आणि बाहेरून लहान असे दोन तुकडे कापा, आतल्या बाजूला दोन थर द्या. हार्डनर दुपारच्या उष्णतेत एक टक्का पुरतो, म्हणजे शंभर मिलिलिटरला एक. दोन टक्के घातलं तर ब्रश फिरायच्या आत डबा तापून घट्ट होतो. उलट जूनच्या गार पहाटे रेझिन घट्टच होत नाही, मॅट सुटून येते. ठिगळं सुटतात ती बहुतेक ओल राहिल्यामुळे, कमी रेझिनमुळे नव्हे.

पहिला टप्पा: पाणघोड्यांमधून

१९५९ मध्ये पुऱ्या झालेल्या १२८ मीटर उंच करिबा धरणाचा परिसर सुरक्षित क्षेत्र आहे. होडी तिथल्या ठरलेल्या जागेवरून, परवानगी घेऊनच पाण्यात सोडा. घळीत पहिला दिवस शांत जातो. चिरुंदूच्या पुलांपर्यंत हात बसतात, त्यानंतर काफुए नदी डावीकडून मिळते आणि पात्र पसरतं. इथून माना पूल्सपर्यंत आणि पुढे मुपाता घळीपर्यंत पाणघोडे दर वळणावर.

पाणघोडा माणसाला खायला येत नाही. त्याला खोल पाणी हवं असतं, आणि तुम्ही त्याच्या आणि खोल पाण्याच्या मध्ये आलात की तो तुमच्यावरून जातो. अपघातांचा उगम बहुतेक इथेच आहे. म्हणून:

१. होड्या एकामागे एक, दोन होड्यांमध्ये तीन-चार लांबी अंतर. पुढे अनुभवी माणूस. बाजूबाजूने गप्पा मारत जायचं नाही.

२. वळणाआधी वल्ह्याने होडीच्या कडेवर ठकठक करा. पाण्याखालचे पाणघोडे बघायला डोकी वर काढतात. मोजा. पाच दिसले आणि पुढच्या क्षणी तीनच दिसत असतील तर थांबा, उरलेले दोन कुठे आहेत ते कळेपर्यंत.

३. कळप कुठल्या बाजूला आहे ते ठरवा आणि त्याला खोल बाजू मोकळी सोडून उथळ बाजूने, काठाला धरून जा. गुडघाभर पाण्यात पाणघोडा लपून येऊ शकत नाही.

४. गार सकाळी ते काठावर ऊन खात असतात. अशा वेळी काठाला चिकटणं हीच चूक, कारण घाबरला की तो सरळ पाण्याकडे धावतो. दुरून आवाज करा, त्यांना आधी पाण्यात उतरू द्या, ते स्थिरावले की मग जा.

५. पाण्यावर वेगाने तुमच्याकडे येणारी फुगलेली रेघ किंवा बुडबुड्यांची ओळ दिसली तर वल्ही जोरात मारून उथळ पाण्याकडे पळा. बघत बसू नका.

६. होडी उलटवली गेली तर होडी सोडा. सर्वांत जवळच्या कोरड्या जमिनीकडे पोहा. पाणघोड्याचा राग होडीवर असतो. सामान नंतर गोळा करता येतं.

बारमाही पाण्यात फांद्यांखालून जाताना पुढच्या माणसाने वर बघायचं, मागच्याने काठाकडे. हत्ती पाणी ओलांडत असतील तर प्रवाहाच्या वरच्या बाजूला थांबा. घाई करून त्यांच्या पुढून निसटायचा प्रयत्न करू नका.

मगरींबाबत नियम कमी पण कडक. हात-पाय होडीबाहेर नाहीत. पोहणं नाही, पाण्यात उभं राहून आंघोळ नाही. बादली भरून काठापासून दूर. पाणी भरायचं ते दोराला बांधलेल्या बादलीने, स्वच्छ उथळ वाळूवरून, आणि त्याच जागेवरून संध्याकाळी पुन्हा नाही. मगर माणसाची सवय ओळखते. एकाच जागी तीनदा भांडी घासायला जाणारा आचारी हा गटातला सगळ्यात धोक्यातला माणूस असतो.

मुक्काम

अकराला थांबायचं म्हणजे दहापासून जागा शोधायची. हवी ती जागा: उघडा, उंच वाळूचा दांडा, काठ तीव्र उतरता नको. किनाऱ्यावर रुंद, गुळगुळीत, दोन समांतर चाकोऱ्यांची वाट दिसली तर ती पाणघोड्याची रात्रीची चराईची वाट आहे, तिथून तीस मीटर बाजूला सरका. तंबू पाण्यापासून तीस मीटर. होड्या पूर्ण वर ओढून, उलट्या करून, तंबू आणि पाण्याच्या मध्ये आडव्या ठेवा आणि बांधा.

बांधण्याचं कारण मगर नाही, वीज आहे. करिबाची जनित्रं मागणीप्रमाणे कमी-जास्त चालतात आणि त्याबरोबर खालचं पाणी चढतं-उतरतं. संध्याकाळी पाण्यापासून पाच मीटरवर कोरडी ठेवलेली होडी पहाटे तरंगत निघून गेलेली असते. पाण्याच्या कडेला काठी रोवून खूण करा आणि रात्री पहाऱ्यावर असणाऱ्याने ती दर दोन तासांनी पाहावी.

उघड्यावर झोपणं नाही, तंबूची चेन पूर्ण बंद. तंबूत खाणं, टूथपेस्ट, साबण काही नाही. तरस बुटांनाही तोंड लावतो, बूट आत घ्या. माना पूल्समध्ये संत्री-लिंबांसारखी फळं न्यायला मनाई आहे, कारण हत्तींना त्यांची चटक लागते आणि मग ते तंबू-गाड्या उचकटतात. आंबटासाठी आमसूल न्या. ते टिकतं, वजन नाही आणि नियमातही बसतं.

खाणं आणि पाणी

वल्हवणाऱ्या माणसाला दिवसाला कोरडा शिधा पाऊण किलो लागतो: तांदूळ किंवा मक्याचं पीठ ३०० ग्रॅम, डाळ १००, पोहे किंवा रवा ८०, शेंगदाणे ६०, साखर-गूळ ६०, तेल ४०, बाकी दूध पावडर, मसाला, मीठ. सहा जणांना दहा दिवसांचे ४५ किलो. तूरडाळ, पोहे, मसाले लुसाकात गुजराती दुकानदारांकडे मिळतात. भारतातून ओझं नेण्याचं कारण नाही. डाळ आदल्या रात्री भिजवली तर सरपण निम्मं लागतं. मुगाची डाळ सगळ्यात सोयीची.

भरणा करायच्या जागा: चिरुंदू, लुआंग्वा, सोंगो, तेते, सेना, कैया, मरोमेउ. तलावावरच्या अडीचशे किलोमीटरांत दुकान नाही असंच समजून वीस दिवसांचा शिधा बरोबर घ्या. तलावावर मिळतो तो कापेंटा: टांगानिका सरोवरातून १९६०च्या दशकात करिबात सोडलेला आणि पुढे इथे पसरलेला बोटभर मासा. वाळवलेला कापेंटा आपल्या सुकटीसारखा परतून भाताशी उत्तम लागतो, आणि किलोभर घेतला तर प्रथिनांची चिंता मिटते.

पाणी माणशी सहा लिटर, स्वयंपाक धरून. वरच्या टप्प्यात पाणी नितळ आहे, फिल्टर पुरतो. तेतेच्या खाली गाळ इतका असतो की फिल्टर दोन दिवसांत बसतो. तिथे आधी बादलीत तुरटीचा खडा दहा-बारा वेळा फिरवा, तासभर स्थिर ठेवा, वरचं पाणी कपड्यातून दुसऱ्या भांड्यात काढा, मग फिल्टर आणि शेवटी क्लोरीन. क्लोरीन आधी टाकून उपयोग नाही, ते गाळातच खर्ची पडतं.

दुसरा टप्पा: काहोरा बासा

१९७४ साली १७१ मीटर उंचीच्या धरणामागे हा तलाव भरला. लांबी साधारण अडीचशे किलोमीटर, रुंदी सर्वांत रुंद जागी तीसहून अधिक. नदीवर तरबेज झालेले गट इथे मार खातात, कारण इथली लाट समुद्राची आहे. मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला पन्नास किलोमीटर धावपट्टी मिळते आणि अर्ध्या तासात मीटरभर उंचीच्या, आखूड, तुटक लाटा उभ्या राहतात. उघडी कनू त्या पेलत नाही.

दक्षिण किनारा धरा. वारा आग्नेयेचा असल्याने त्यातल्या त्यात आडोसा तिथे. अडचण अशी की हा किनारा खाचाखोचांचा आहे, मोठमोठ्या आखातांची तोंडं ओलांडावी लागतात. नियम: तोंड तीन किलोमीटरपेक्षा रुंद असेल तर आत वळून किनाऱ्याने जा, किंवा पहाटेपर्यंत थांबा. ओलांडायचंच तर उजाडताच, सगळ्या होड्या एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर. क्षितिजाकडे पाणी गडद, खडबडीत दिसू लागलं की वीस-तीस मिनिटांत वारा तुमच्यापर्यंत येतो. त्या क्षणी किनारा गाठा, ‘अजून एक टोक’ करू नका.

झुंबोनंतर तलावाच्या तोंडाशी जलपर्णीचे गालिचे तरंगत असतात. वारा फिरला की ते वाट बुजवतात. त्यातून होडी रेटायला गेलात तर हात दुखतात आणि खाली काय आहे ते दिसत नाही. बाजूने जा, वेळ लागू दे. किनाऱ्याजवळ बुडालेल्या झाडांचे खुंट पाण्याच्या जरा खाली असतात. ऊन तोंडावर असताना ते दिसत नाहीत, म्हणून पुढच्या माणसाला रंगीत नव्हे तर चमक तोडणारा पोलराइज्ड गॉगल द्या. मासेमारीची जाळी किनाऱ्यापासून आत पसरलेली असतात, बाटल्यांचे तरंगे पाहून वळसा घाला. जाळं फाटलं तर भरपाई तिथेच, न भांडता. रात्री कापेंटाच्या तराफ्यांचे दिवे दिसतात. मदत लागली तर सगळ्यात जवळची माणसं तीच.

दक्षिणेला मागोए राष्ट्रीय उद्यान आहे, हत्ती पाण्यावर येतात. वाऱ्याचे दिवस काढायला उघडी टेकडी निवडा, आखाताच्या टोकाची गवताळ जागा नाही. तिथे मगरी आणि डास दोन्ही.

तलाव संपताना डोंगर जवळ येतात. धरणाच्या भिंतीजवळ जायला बंदी आहे. सोंगोच्या बाजूला अलीकडेच होड्या बाहेर काढायची जागा आधी ठरवून, लेखी परवानगीसह ठेवा आणि ट्रकवाल्याला दोन दिवस आधी निरोप द्या. धरणाखालची घळ वल्हवायचा विचार सोडून द्या. लिव्हिंग्स्टनची १८५८ची मोहीम याच प्रपातांपाशी थांबली. आता त्यात धरणातून अवेळी सोडल्या जाणाऱ्या पाण्याची भर आहे.

तिसरा टप्पा: तेते ते चिंदे

तेतेत तीन दिवस काढा: शिधा, दुरुस्ती, पैसे. मोआतिझेच्या कोळसा खाणींत भारतीय कंपन्या असल्याने भारतीय चेहरा इथे नवलाचा नाही. पुढे लहान नोटांचे मेटिकाल (मोझांबिकचं चलन) लागतात, मोठी नोट गावात मोडत नाही. आणि एक माणूस घ्या, सेना भाषा आणि पोर्तुगीज बोलणारा स्थानिक मच्छीमार. रोजंदारी, जेवण आणि परतीचं भाडं आधी ठरवा. वाळूतून वाट काढायला त्याच्या डोळ्यांना पर्याय नाही.

दोन-तीन दिवसांनी लुपाता घळ लागते. ती ओलांडली की पात्र कित्येक किलोमीटर पसरतं आणि दहा फाट्यांत वाटलं जातं. जुना नकाशा इथे कुचकामी, दांडे दर पावसाळ्यात जागा बदलतात. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं मोफत असतात आणि दर पाच दिवसांनी नवी येतात. निघण्याआधीच्या महिन्यातली उतरवून फोनमध्ये ठेवा. दहा मीटरचा तपशील मुख्य धार ओळखायला पुरतो.

बाकी पाणी वाचावं लागतं. धार उंच, ताज्या ढासळलेल्या दरडीच्या बाजूने असते, सपाट वाळूच्या बाजूने नाही. पाण्यावर खाली टोक असलेला इंग्रजी व्हीचा आकार म्हणजे वाट. टोक वरच्या दिशेला असेल तर खाली खुंट. आडवी, चमचमती, बारीक लाटांची रेघ म्हणजे पुढे दांडा. दरडीच्या अगदी खाली मात्र राहू नका, दुपारी ती टनांनी कोसळते.

होडी टेकली तर लगेच उतरू नका. आधी वल्ह्याने तळ आणि भोवतालचं पाणी चाचपा. घोटाभर नितळ पाणी असेल तरच उतरा, पाय घासत चाला, होडीला हात धरून. पुढे अचानक खोल कडा असते आणि मगर थांबते ती त्या कडेखाली. गावांच्या पाणवठ्यांवर काठ्यांचं कुंपण दिसलं तर समजून जा की तिथे मगरीने माणसं नेली आहेत, मुक्काम दुसरीकडे.

गावाजवळ थांबायचं तर आधी रेगुलो, म्हणजे परंपरागत गावप्रमुखाकडे जा. टोपी काढून, बसून, कोण आहात, कुठून कुठे चाललात, किती रात्री राहणार ते सांगा. साखर, मीठ, साबण एवढी भेट पुरते. परवानगी न घेता टाकलेला तंबू ही भांडणाची सुरुवात असते, आणि घेतल्यावर चोरीची चिंता जवळजवळ संपते.

सेनाचा दोना आना रेल्वेपूल साडेतीन किलोमीटरहून लांब आहे. खांबांना झाडं-फांद्या अडकतात आणि त्यांच्या मागे भोवरे. दूरवरूनच मधला मोकळा गाळा निवडा आणि सरळ धरा. पुलाखाली दिशा बदलली की होडी आडवी होते. खाली डावीकडून शिरे नदी मिळते, मग कैयाचा २००९चा रस्तापूल. उजव्या काठावरच्या शुपांगात १८६२ साली वारलेल्या मेरी लिव्हिंग्स्टनची कबर आहे. मरोमेउला साखर कारखाना आणि शेवटचा भरवशाचा बाजार.

मरोमेउच्या खाली भरती-ओहोटीचं राज्य. उधाणाला पाणी साडेतीन-चार मीटर चढतं, ओहोटीत चिखल उघडा पडतो. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको: ओहोटी लागली की निघा, सहा तासांत जमेल तेवढं उतरा, भरती लागायच्या आत खारफुटीबाहेरची कोरडी जागा धरा. शक्य तर भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत पोहोचा. गोडं पाणी मरोमेउलाच भरून घ्या, माणशी वीस लिटर. नदीच्या मुखावरच्या वाळूच्या बांधावर लाटा फुटतात. ‘समुद्राला हात लावायचा’ म्हणून कनू त्यात घालू नका, मोहीम चिंदेच्या धक्क्यावर संपते. तिथून केलिमानेपर्यंत स्थानिक बोट आणि वाहन.

आजारपण

मलेरिया इथला फाल्सिपेरम, म्हणजे जीवघेणा. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरकडून ठरवून घ्या. डॉक्सिसायक्लिन घेत असाल तर परतल्यावर चार आठवडे, अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर सात दिवस चालू ठेवायच्या. डॉक्सिसायक्लिनने त्वचा उन्हात लवकर भाजते, पाण्यावर ते जास्तच जाणवतं. बरोबर तपासणी पट्ट्या आणि आर्टेमेथर-लुमेफॅन्ट्रिन या मलेरियावरच्या औषधाचे पूर्ण तीन दिवसांचे दोन संच ठेवा. ताप आला की पट्टी. नकारात्मक आली तर बारा तासांनी पुन्हा.

त्सेत्से माशी निळ्या-काळ्या कपड्यांवर येते आणि निद्रारोग पसरवते. खाकी किंवा फिकट करडे कपडे, लांब बाह्या. वल्हवणाऱ्याच्या हाताची पाठ आणि पावलं सगळ्यात आधी भाजतात, पातळ हातमोजे आणि मोजे घाला. हाताचे फोड फोडू नका, नदीच्या पाण्याने ते चिघळतात.

नदीत शिस्टोसोमा, म्हणजे कातडीतून शरीरात शिरणारा कृमी आहे, त्याची बाधा टाळणं पूर्णपणे शक्य नाही. संथ, लव्हाळ्याच्या, गावाजवळच्या पाण्यात पाय टाकू नका, भिजलात तर लगेच खसाखसा पुसा. परतल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने प्राझिक्वान्टेल. त्याआधी घेतल्यास कोवळ्या कृमींवर औषध चालत नाही. आणि पुढचे तीन महिने कधीही ताप आला तर तपासणाऱ्या डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की झांबेझीवरून आलोय. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात त्या तापाला सहज डेंग्यू समजलं जातं.